लोह-हवा बॅटरी: लोखंडात कार्बन मिसळावा की नाही?

धागाकर्ता
या बॅटरीत एक इलेक्ट्रोड लोखंडाचा असतो आणि दुसरा हवेतला ऑक्सिजन वापरतो. डिस्चार्ज होताना लोखंडाच्या कणावर फेरस हायड्रॉक्साइडचा थर चढतो. त्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून कणाच्या पोटातलं लोखंड वाया जातं. हिशेबाने पहिल्या टप्प्यात (लोखंडाचं फेरस हायड्रॉक्साइड होईपर्यंत) लोखंडाच्या ग्रॅममागे ९६० मिलिअँपिअर-तास मिळायला हवेत. निम्मे मिळाले तरी लोक समाधान मानतात! माझं मत ठाम आहे: कार्बन ब्लॅक (काजळीसारखी भुकटी), नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या), काहीही घ्या, पण कार्बन हवाच. थर चढला तरी त्याच्या जाळ्यातून इलेक्ट्रॉनला वाट उरते.

ऋणाग्र
असहमत. खरा चोर हायड्रोजन आहे. बॅटरीतल्या अल्कलीत (क्षारीय द्रावणात) चार्जिंगला लोखंड परत मिळवायला उणे ०.८८ व्होल्टच्या आसपास जावं लागतं, आणि पाण्यातून हायड्रोजन उणे ०.८३ लाच सुटू शकतो. म्हणजे चार्जिंगची वीज वायूत जाते. कार्बनने पृष्ठफळ वाढवलं की ही गळती वाढणारच. शिवाय चार्ज-डिस्चार्जच्या दोन-चारशे चक्रांत कार्बन जळून जातो, ते वेगळंच.

धागाकर्ता
जळतो तो हवेच्या इलेक्ट्रोडवरचा कार्बन. तिथे चार्जिंगला ऑक्सिजन सुटतो आणि विभव (व्होल्टेज) चढा असतो. लोखंडाची बाजू कायम ऋण विभवावर असते, तिथे कार्बनचं ऑक्सिडेशन होत नाही. दोन्ही इलेक्ट्रोडची गल्लत करू नका.

ऋणाग्र
जळण्याचा मुद्दा मागे घेतो, माझी चूक. हायड्रोजनचा नाही घेत.

तिसरा घट
त्यात थोडी दुरुस्ती. कार्बन स्वतः हायड्रोजन सोडायला फार सुस्त आहे. पण त्याच्यावर लोखंड बारीक पसरतं, आणि त्या बारीक लोखंडावर वायू सुटतो. म्हणून बिस्मथ (एक धातू) आणि सल्फाइड (गंधकाचं संयुग) सोबत लागतात: बिस्मथ हायड्रोजनला आवरतो, सल्फाइड हायड्रॉक्साइडचा तो बंद थर मोडून वीज वाहती ठेवतो. नुसत्या कार्बनवर भिस्त ठेवणाऱ्यांचं मला पटत नाही. पण बिस्मथ आणि सल्फाइडने सगळं भागतं, हेही नाही. चक्रागणिक कण विरघळून नव्या जागी बसतात, एकमेकांपासून सुटतात, आणि त्यांना जोडून ठेवायला काहीतरी लागतंच.

ऋणाग्र
मग आकडे तरी प्रामाणिक द्या. कार्बन, बाइंडर (कण चिकटवून ठेवणारा पदार्थ), आधाराची धातूची जाळी सगळं धरून क्षमता सांगा. फक्त लोखंडाच्या ग्रॅमवर भागलं की तीस टक्के कार्बनचा इलेक्ट्रोडही देखणा दिसतो.

धागाकर्ता
हे मान्य, अगदी मनापासून. माझे वरचे आकडे लोखंडाच्याच वजनावर होते, पूर्ण वजनावर पुन्हा मांडतो. तरी माझ्या इलेक्ट्रोडमधला पाच टक्के कार्बन मी काढणार नाही.