ईरी कालव्यातून बोटीने जाऊन ओनायडा तलाव ओलांडायचाय, कुणी केलंय का?

सोनचाफा:
नमस्कार मंडळी. जुलैत आईबाबा आमच्याकडे येतायत आणि आमच्या एका मित्राची २८ फुटी मोटरबोट आहे, झोपायची सोय असलेली, तर न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरफर्डहून ईरी कालव्यात शिरायचं, ओनायडा तलाव ओलांडायचा आणि पुढे ऑस्वीगो कालव्याने लेक ऑन्टॅरिओच्या काठापर्यंत जायचं असं चाललंय. नकाशावर मोजले तर २९ लॉक होतात (म्हणजे बोट आत घेऊन, पाणी भरून किंवा सोडून तिला वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दारांचे हौद). मित्र हडसन नदीवर बरीच वर्षं बोट चालवतोय, पण कालव्यात कधी गेलेला नाही. बाबा ७२ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यामुळे त्यांचा उत्साह आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त, पण गुडघे दुखतात. मला खरी धास्ती लॉकचीच आहे, त्या उंच भिंतींमध्ये बोट आपटली तर? आम्ही सहा दिवस धरलेत, पुरतील का? आईबाबांना न्यावं की नको तेही मोकळेपणाने सांगा.

मोहॉककाठ:
ताई, जरूर न्या. आम्ही दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंना घेऊन केलंय.

लॉकची भीती पहिल्या दिवशीच जाते, कारण वॉटरफर्डला सुरुवातीलाच लॉक २ ते ६ असे पाच लागोपाठ येतात, दीडेक मैलात १६९ फूट चढायचं, आणि मध्ये कुठे थांबता येत नाही, एकदा निघालात की सहावा पार करूनच श्वास घ्यायचा. पाचव्यापर्यंत हात बसतो. आत शिरलात की भिंतीवरून सोडलेले दोर किंवा उभे पाइप असतात, एक माणूस पुढे, एक मागे, दोर हातात धरायचा आणि पाणी चढेल तसा आवरत जायचं. दोर बोटीला गाठ मारून बांधायचा नाही, कधीच नाही. चढताना दोर सैल पडून बोट मोकाट होते, आणि उतरताना तर पाणी खाली जातं आणि बोट दोराला लटकायला लागते. दोरांना शेवाळ असतं म्हणून रबरी हातमोजे घ्या आणि फेंडर, म्हणजे बोट भिंतीला घासू नये म्हणून लावायच्या उशा, दोन्ही बाजूंना भरपूर बांधा, कारण कुठल्या भिंतीला लागायचंय ते कधीकधी ऐनवेळी कळतं. लॉकवाल्याला व्हीएचएफ रेडिओवर १३ नंबर चॅनेलवर बोलवायचं, रेडिओ नसेल तर भोंग्याचे तीन लांब आवाज. माणसं फार चांगली भेटली आम्हाला. बाबांना दोराचं काम देऊ नका, खुर्चीत बसवा आणि लाइफजॅकेट घालायला लावा.

आणि लिटल फॉल्सचा लॉक १७ त्यांना नीट दाखवा. एका दमात ४०.५ फूट! खालच्या बाजूचं दार इतर लॉकसारखं दोन पाखांचं नाही, अख्खंच्या अख्खं वर उचललं जातं आणि आपण त्याच्या खालून आत जातो, वरून पाणी ठिबकत असतं, डोक्यावर टोपी ठेवा. सासूबाई तिथे हात जोडून उभ्या होत्या.

पाणलोट:
लॉकबद्दल वर आलंय ते अगदी बरोबर. मी तलावाबद्दल लिहितो, कारण मला तुमच्या प्लॅनमधले सहा दिवस खटकले.

ओनायडा २१ मैल लांब आणि फार तर पाचेक मैल रुंद आहे, आणि उथळ, सरासरी खोली २२ फूट. तलाव पूर्व-पश्चिम पसरलाय आणि वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, म्हणजे तुम्ही पूर्व टोकाच्या सिल्व्हन बीचहून पश्चिम टोकाच्या ब्रूअरटनकडे जाताना बरोब्बर समोरून. उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा लांब-लांब येत नाहीत, आखूड आणि उभ्या येतात, एकीवरून बोट खाली आदळते न आदळते तोच दुसरी. आम्ही दुपारी एकला निघालो होतो, कारण संध्याकाळी ब्रूअरटनला मित्र घ्यायला येणार होते आणि त्यांना थांबवायचं नव्हतं. निम्म्यात पोचेपर्यंत पुढच्या काचेतून काही दिसेनासं झालं, माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, ती उलट्या करून करून गळून गेली आणि बायको तिला धरून खाली बसलेली. परत फिरावं तरी तेवढंच अंतर. त्या दिवशी मी माझ्या माणसांना उगाच धोक्यात घातलं, ते मला अजून आठवतं.

म्हणून सांगतो, तलावासाठी एक अख्खा दिवस रिकामा ठेवा. लॉक २२ उतरलात की पुढे सिल्व्हन बीचला कालव्याच्या भिंतीला बोट लावता येते, तिथे रात्र काढा आणि उजाडताच निघा, सकाळी वारा बहुधा पडलेला असतो, मध्यम वेगाने दोन-तीन तासांत पार. पहाटेच पाण्यावर पांढरा फेस दिसला तर निघूच नका, दुसऱ्या दिवशी बघा. आणि बॉय (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) सोडून शॉर्टकट मारू नका, मध्ये खडकाळ उथळ जागा आहेत.

जुनापाट:
सोनचाफा, तुमचे बाबा पाटबंधारेवाले आहेत वाचून राहवलं नाही. त्यांना सांगा की १८२५ साली पूर्ण झालेला मूळ कालवा हा तलाव टाळून दक्षिणेकडून गेला होता! ३६३ मैल, ८३ लॉक, ४० फूट रुंद आणि फक्त चार फूट खोल, बोटी काठावरून खेचरं ओढायची, मग उघड्या तलावात ती काय कामाची? विसाव्या शतकात बोटी स्वतःच्या इंजिनावर चालायला लागल्या तेव्हा नवा मार्ग बांधला, १९१८ ला उघडला, त्यात मोहॉक नदी आणि ओनायडा तलावच वापरला. म्हणजे वर पाणलोट यांनी ज्या लाटा सोसल्या त्या जुन्या लोकांनी हिशेबात धरून बाजूलाच ठेवल्या होत्या.

लॉक १२ जवळ स्कोहॅरी ओढ्यावर जुन्या जलसेतूच्या दगडी कमानी अजून उभ्या आहेत, तिथे तासभर थांबाच. आणि हो, लॉक भरायला पंप नसतो, वरच्या पातळीचं पाणी भिंतींतल्या बोगद्यांतून नुसत्या उताराने आत येतं. त्यांना सांगायची गरज नाही म्हणा, तेच तुम्हाला समजावतील.

सोनचाफा:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. पाणलोट, तुमचं वाचून मित्राला लगेच फोन केला, आता आठ दिवस धरलेत आणि ऑस्वीगोला कुणाला अमुक वेळेला बोलवायचं नाही असं ठरलं. एकच विचारायचं राहिलं, पाऊस झाला तर नदीच्या भागात काही अडचण?

मोहॉककाठ:
होते ना. जोराचा पाऊस पडला की मोहॉक चढते, ओंडके वाहत येतात, अर्धे पाण्याखाली असतात आणि प्रोपेलरला लागले की संपलं, तेव्हा हळू चला आणि एकाला पुढे नजर ठेवायला बसवा. पाणी फारच वाढलं तर लॉकच बंद करतात, मग आहात तिथे भिंतीला बांधून थांबायचं. रोज सकाळी निघायच्या आधी कालव्याच्या नोटिसा बघत जा. तुमच्या बाबांना हे काम द्या, गुडघे लागत नाहीत आणि त्यांना आवडेल.