खडकीच्या पुंगळीवरचा रोमन सहा आणि मार्सेलला बदललेल्या रायफली

निपाणीकर:
नमस्कार मंडळी. माझे पणजोबा मुंबई सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता पलटणीत होते आणि १९१४ साली फ्रान्सला गेले होते. मार्सेलच्या बंदरात उतरल्यावर सगळ्यांच्या रायफली काढून घेऊन दुसऱ्या दिल्या, असे ते सांगत. आमच्या घरात त्याचा अर्थ ‘हिंदी शिपायाला आधी भंगार दिले होते’ असाच लावला गेला. आता जुन्या पेटीत काडतुसाची पितळेची एक रिकामी पुंगळी सापडली आहे. आजी तिच्यात दाभण ठेवीत असे. बुडावर के आणि एफ ही अक्षरे, बाणाची खूण आणि रोमन सहाचा आकडा आहे. ही पुंगळी फ्रान्सची असेल काय, आणि रायफली नेमक्या कशासाठी बदलल्या?

छावणीकाठ, बेळगाव:
के एफ म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना, आणि बाण ही सरकारी मालाची खूण. खरी गोष्ट त्या सहात आहे. .३०३ इंची रायफलीच्या मार्क सहा, म्हणजे सहाव्या आवृत्तीच्या, काडतुसाची गोळी गोल नाकाची आणि २१५ ग्रेनची, म्हणजे सुमारे १४ ग्रॅमची होती. १९१० मध्ये ब्रिटिशांनी मार्क सात आणले. त्याची गोळी टोकदार, १७४ ग्रेनची, आणि वेग सेकंदाला सुमारे २,४४० फूट, जो जुन्या गोळीचा जेमतेम २,०६० होता. पुंगळी त्याच मापाची असल्याने नवे काडतूस जुन्या रायफलीत बसे. मात्र मागच्या साईटवरचे (नेम धरायच्या पट्टीवरचे) यार्डांचे आकडे जड गोळीच्या हिशेबाने कोरलेले असत, त्यामुळे तोच आकडा लावून नवी गोळी झाडली की ती लक्ष्याच्या वरून जाई. हिंदी पलटणी तोवर मार्क सहा वापरत होत्या आणि फ्रान्समधला पुरवठा मार्क सातचा होता, म्हणून रायफली बदलणे भागच पडले. भंगार हा शब्द मला पटत नाही. हिंदी फौजेला चार वर्षे मागच्या काडतुसावर ठेवले, ही तक्रार मात्र रास्त आहे.

खानापूरकर:
मार्क सहाच्या गोळीचे गोल नाक पाहून कोणी तिला डमडम, म्हणजे अंगात शिरल्यावर पसरणारी गोळी, म्हणेल, तर ते चूक आहे. डमडमच्या टोकाला शिसे उघडे असे; मार्क सहाच्या टोकावर धातूचे आवरण पूर्ण असे. निपाणीकर, बुडाच्या टोपीवर (दारू पेटवणाऱ्या छोट्या वाटीवर) खड्डा आहे का, म्हणजे काडतूस झाडलेले आहे का, ते आधी पाहा. नसेल तर आतली दारू काढलेली असली तरी टोपी जिवंत असू शकते. तिला ठोकू नका, तापवू नका.

निपाणीकर:
आभारी आहे. टोपीच्या मधोमध खोल खड्डा आहे. सॅपर्सचे ठाणे खडकीलाच होते, तेव्हा ही तिथल्या चांदमारीतलीच असावी. दाभण पुन्हा आत ठेवला आहे.