ईव्ही चार्जरचा लाल दिवा जाईना, अर्थिंगचं काय करू? (जुळे सोलापूर, बजेट १० हजार)

जुळेकर_७७
नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात सेकंडहँड टियागो ईव्ही घेतली, २४ किलोवॅट-तासाची. सोबत १५ अँपिअरच्या सॉकेटला लावायचा चार्जर आहे. घर रो हाऊस, २००३ चं बांधकाम. चार्जर लावला की लाल दिवा, पुढं काहीच नाही. वायरमन म्हणाला, अर्थिंग (गळती झालेली वीज जमिनीत सोडणारी तार) मेलंय. एकतर अर्थिंगचा नवा खड्डा घ्या, नाहीतर सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून (वीज परत जाणारी तार) अर्थला वायरचा तुकडा मारतो, २०० रुपये, हिरवा दिवा लगेच. काय करू? बजेट १० हजार, वर एक रुपया नाही. गाडीची खरी किंमतच अजून घरात सांगितलेली नाही.

विजापूर_रोडवाला
अभिनंदन! १० हजारात काय होतंय हो. मी ७.२ किलोवॅटचा वॉल बॉक्स बसवला, मीटरपासून ६ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर ओढली, दोन केमिकल अर्थिंग (मीठ-कोळशाऐवजी तयार पावडर भरलेले खड्डे) केले, मंजूर भारही वाढवून घेतला. एकदाच करायचं, दणकून करायचं.

कडक_भाकरी
काय बे, त्यानं १० म्हणलंय की. मी दोन वर्षं स्कूटर त्या तुकड्यावरच चार्ज करायलोय. काय झालं नाही.

खांबावरचा_माणूस
कडक भाकरी, अजून काही झालं नाही एवढंच म्हणा. ३१ वर्षं लाईनवर काढलीत म्हणून सांगतो. खांबापासून घरापर्यंतचा न्यूट्रल कधीतरी तुटतो. तो तुटला आणि घरात एखादा पंखा जरी चालू असला, तरी त्यातून २३० व्होल्ट न्यूट्रलवर येतात, तुमच्या तुकड्यातून अर्थच्या पिनवर आणि तिथून गाडीच्या पत्र्यावर. दुसरी गोष्ट जास्त वाईट. वळवाच्या वादळात तारा तुटतात, रात्री घाईत जोडताना कधी फेज (जिवंत तार) आणि न्यूट्रलची अदलाबदल होते. घरात दिवे, पंखे नेहमीसारखेच चालतात, कोणाला पत्ता नाही. गाडीचा पत्रा मात्र थेट फेज. टायर रबरी, त्यामुळं गाडीला काही होत नाही. ओल्या फरशीवर उभा राहून गाडी धुणाऱ्याला होतं.

सूर्यपुत्र_होटगी
सोलर बसवा. ३ किलोवॅटला केंद्राचं ७८ हजार अनुदान आहे. सोलापूरइतकं ऊन कुठं वाया जातंय सांगा.

जुळेकर_७७
सूर्यपुत्रजी, आमची गच्ची गळते. आधी ती.

सूर्यपुत्र_होटगी
पॅनेलखाली सावली पडते, गच्ची कमी तापते. विचार करा.

साखरपेठी
अर्थिंग राहू द्या, आधी सॉकेट बघा. माझा अनुभव: गीझरच्या जुन्या सॉकेटवर कार लावली. तिसऱ्या रात्री जळका वास. प्लेट वितळून पिन आतच चिकटलेली. एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) ट्रिप झाला नाही, कारण करंट त्याच्या मर्यादेतच होता, गरम झाला तो ढिला स्क्रू. गीझर १५ मिनिटं चालतो, गाडी आठ-नऊ तास सलग १४-१५ अँपिअर ओढते. मीटरपासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची लाईन घ्या, मध्ये जोड नको, एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको. मला सॉकेट, एमसीबी, वायर, मजुरी धरून साडेपाच हजार आले. वरून बायकोची बोलणी, ती फुकट.

विजापूर_रोडवाला
म्हणूनच म्हणतो वॉल बॉक्स.

मीठ_कोळसा
केमिकल अर्थिंगच्या नादाला लागू नका. आठ फुटी जीआय पाईप, मीठ, कोळसा, वर पाणी घालायला नरसाळं. वडिलांनी केलेला खड्डा अजून चालतोय.

विजापूर_रोडवाला
मीठ पाईप खातं काका. आणि पाणी कोण घालणार? नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतंय, ते पाईपला घालायचं की प्यायचं?

मीठ_कोळसा
धुण्याचं पाणी घाला. पाईप काय साबण ओळखत नाही.

खांबावरचा_माणूस
भांडू नका, दोन्ही चालतं. ओल टिकली पाहिजे, हे मुख्य. आपल्याकडं वर काळी माती, खाली मुरूम. काळी माती पावसाळ्यात ओली गच्च असते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती पाईप सोडते. ऑगस्टमध्ये ३ ओहम (आकडा जेवढा कमी, तेवढं अर्थिंग चांगलं) दाखवणारा खड्डा मे महिन्यात कितीही दाखवेल. म्हणून अर्थ टेस्टरनं मे महिन्यात मोजून घ्या. नुसत्या मल्टीमीटरवर जाऊ नका, अर्थ कच्चा असला तरी तो फेज-अर्थ २३० दाखवून मोकळा होतो.

कडक_भाकरी
मग एमसीबी कशाला असतो? शॉक लागला तर पडंलच की.

खांबावरचा_माणूस
पडणार नाही. हिशेब करा. अर्थ चांगला, ५ ओहमचा धरला तरी २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. २० अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी पटकन पडायला किमान १०० लागतात. तोवर पत्रा जिवंत. माणसासाठी आरसीसीबी असतो, ३० मिलिअँपिअर गळती झाली की पडणारा स्विच. खड्डा थोडा कच्चा असला तरी तो पडतो. घेताना टाईप ए मागा. दुकानात सहसा टाईप एसी हातात देतात, गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर तो आंधळा होऊ शकतो. जुळेकर, तुमच्या १० हजारात खड्डा आणि आरसीसीबी बसतं. लाईनला थोडं वर जाईल.

साखरपेठी
मी तेच म्हणालो, स्वतंत्र लाईन.

कडक_भाकरी
मी आज तुकडा काढला. स्कूटर आता ऑफिसात लावतो. खूश?

जुळेकर_७७
सगळ्यांचे आभार. वायरमनला तुकडा नको म्हणून सांगितलं. खड्ड्यासाठी माणूस बोलावला, तर त्यानं अंगणातली फरशी फोडायची म्हटल्यावर आई आडवी आली, तुळशीजवळ पहार लावायची नाही म्हणे. त्यामुळं सध्या ठरवलंय, आठवड्यातून दोनदा गाडी अक्कलकोट रोडला मेहुण्याच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये लावायची. तिथं पहिल्या फटक्यात हिरवा दिवा लागला. खर्च शून्य, वर चहा. खड्ड्याचं दिवाळीनंतर बघू.

मीठ_कोळसा
तुळस आहे तर ओल आहे. जागा तीच बरोबर होती.

खांबावरचा_माणूस
शेडमधलं अर्थिंग मोजलंत का? आणि ते सॉकेट एकदा उघडून बघा, आत तुकडा नाही ना.

जुळेकर_७७
मेहुण्याला फोन केला. म्हणतो, "वायरमन आपलाच आहे, तुझ्याकडं आला होता तोच."