मदत हवी आहे: नवतप्याआधी कासवाचं बीळ कसं बांधू?

नमस्कार मंडळी. नागपूरला घराच्या मागच्या अंगणात आमचं सुल्काटा कासव मोकळं असतं. कवच 30 सेंमी, वजन साडेपाच किलो. हे आफ्रिकेतलं, स्टार कासव नव्हे. स्टार कासव पाळणं गुन्हाच आहे. आमच्या सुल्काटाची केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केलेली आहे.

सध्या पारा 45 वर आहे. हिरवी नेट बांधली, फुटका रांजण आडवा पुरून त्यावर ओलं गोणपाट टाकलं. तरी दुपारी तीनला रांजणात 38 अंश! काल तोंडाला फेस आला होता आणि पुढचे दोन्ही पाय लाळेनं ओले झाले होते. लगेच आत आणून परातीत साध्या पाण्यात ठेवलं, तेव्हा कुठे मान बाहेर काढली. जीव घाबरला अगदी. आज हरळी आणि जास्वंदीची पानं नेहमीसारखी खाल्ली.

मूळ मुलखात ही कासवं खोल बिळं खणून उन्हाळा काढतात. इथे त्यानं दोनदा खणलं, पण आमची काळी माती उन्हानं भेगाळते, पावसात फुगून ढासळते. कासव गाडलं जाईल म्हणून दोन्ही वेळा बुजवलं. घरात कूलर आहे, पण दोन खोल्यांत दिवसभर ठेवणं जमत नाही; ते दारं ढकलत राहतं.

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) आठवड्यावर आलाय. विदर्भातल्या काळ्या मातीत कुणी पक्कं बीळ बांधलंय का? विटांचं की सिमेंटच्या पाइपाचं? आत 32च्या खाली राहायला किती खोल जावं लागलं, आणि पावसाचं पाणी शिरू नये म्हणून तोंड कसं ठेवलंत?