न्यूट्रल-अर्थ शून्य व्होल्ट आलं तरी सॉकेट उघडून बघा

'मीटरने मोजल्यावर सॉकेटच्या न्यूट्रल-अर्थमध्ये शून्य व्होल्ट आलं की अर्थिंग ठीक' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. सॉकेटच्या मागे कुणी न्यूट्रल आणि अर्थ वायरच्या तुकड्याने जोडून ठेवले असतील तरी मीटर शून्यच दाखवतो! म्हणून त्याच लाइनवर बऱ्यापैकी लोड (वीज खाणारी उपकरणं) चालू ठेवून मोजा. न्यूट्रल वायरमध्ये होणाऱ्या व्होल्टेज ड्रॉपमुळे (घटीमुळे) थोडंफार व्होल्टेज दिसायला हवं. तेव्हाही ठार शून्य असेल तर मेन बंद करून सॉकेट उघडा. अशा जोडणीत मेनच्या बाजूला न्यूट्रल तुटला तर लोडमधून फेज (चालू वायरची वीज) थेट सॉकेटला जोडलेल्या उपकरणांच्या रॅकच्या धातूच्या बॉडीवर येतो.

मेन बंद केल्यावर हात घालण्याआधी मीटर जिथे वीज नक्की चालू आहे अशा दुसऱ्या फेजवर लावून बघा, मग बंद केलेल्या पॉइंटवर, मग पुन्हा त्याच चालू फेजवर. प्रोबची वायर आतून तुटलेली असली तरी शून्यच येतं. टेस्टरच्या दिव्यावर तर विसंबूच नका.