मदत हवी आहे: कॅटलिया हिरवंगार, पण दोन वर्षं फूल नाही

नमस्कार मंडळी,

मुलुंडला दुसऱ्या मजल्यावर राहते, गॅलरी पूर्वेला. तीन वर्षांपूर्वी नर्सरीत फुलावर आलेलं कॅटलिया ऑर्किड दिसलं आणि घेऊनच आले. (खरी किंमत घरी अजून सांगितलेली नाही.) कुंडीत नुसती चिठ्ठी खोचलेली: 'बीएलसी'. फूल तळहाताहून मोठं, फिकट जांभळं, ओठाला (पुढच्या मोठ्या पाकळीला) परकराला असते तशी झालर. वास लिंबाच्या सालीचा, त्यात किंचित व्हॅनिला. पण सकाळी नऊ-दहाला गॅलरीभर दरवळायचा आणि मी ऑफिसातून येईपर्यंत गायब. नवऱ्याला वाटतं, वास माझ्या डोक्यातच होता.

त्यानंतर फूल नाही. झाड मात्र धष्टपुष्ट. दरवर्षी दोन-तीन नवे कोंब, जाड कंद (म्हणजे पानाखालचे फुगीर दांडे), काळपट हिरवी चकचकीत पानं. येणारा-जाणारा कौतुक करतो. पानाच्या बुडाशी ते चपटं हिरवं म्यान येतं, ज्यातून कळी निघते, शीथ म्हणतात तेच. मी रोज डोकावते आणि ते वाळून कागद होतं. यंदा जुलैच्या पावसाचं पाणी साचून एक कोंब काळा पडला, तो कापून टाकला.

कुंडीत कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची शेंडी. उन्हाळ्यात रोज पाणी, एरवी मुळं पांढरी दिसली की. आठवड्याला १९:१९:१९ खत चिमूटभर. सासूबाई म्हणतात, "बांडगूळ आहे ते, आंब्यावर बांध, रस मिळेल." दोन जुने कंद बिनपानाचे झालेत, ते कापू का? आणि बीएलसी म्हणजे काय?

प्रतिसाद १

ताई, ज्या पानांचं कौतुक होतंय तिथेच दुखणं आहे. कॅटलियाचं पान पोपटी, जरा पिवळटीकडे झुकलेलं हवं. काळपट हिरवं म्हणजे ऊन पुरत नाहीये. सकाळचं तीन-चार तास ऊन द्या, पण हळूहळू वाढवत. पान हाताला गरम लागलं तर मागे घ्या, नाहीतर करपेल.

म्यान वाळलं म्हणून लगेच आशा सोडू नका, काहींना वाळक्या म्यानातूनच कळी येते. मागून मोबाईलचा टॉर्च धरा, कळी असेल तर सावली दिसते. पाऊस थेट म्यानावर नको, हे तुम्हाला कळलंच आहे.

बिनपानाचे कंद टणक असतील तर राहू द्या. एक कंद एकदाच फुलतो, पण पुढच्या कोंबाचा डबा त्याच्याकडूनच येतो. आणि हे बांडगूळ नाही. आंब्याचा फक्त आधार घेतं, रस नाही. आपल्या सह्याद्रीतलं सीतेची वेणी हे ऑर्किड झाडावर राहतं तसंच. अर्थात सासूबाईंचा सल्ला वाईट नाही, दारात आंबा असेल तर!

प्रतिसाद २

बीएलसी म्हणजे ब्रासोलेलिओकॅटलिया: ब्रासाव्होला, लेलिया आणि कॅटलिया या तीन ऑर्किड-गटांच्या संकराचं जुनं नाव. तुमची झालर बहुतेक डिग्बियाना नावाच्या पूर्वज जातीकडून, म्हणजे आजीकडून आली. ती मेक्सिको-होंडुरासकडची, फूल हिरवट, ओठाला दाट झालर आणि रात्री लिंबासारखा वास. तिला आधी ब्रासाव्होलात धरत, आता ऱ्हिंकोलेलियात. ब्राझीलच्या लेलियाही कॅटलियात गेल्या. म्हणून आता अशा झाडांच्या चिठ्ठीवर 'आरएलसी' (ऱ्हिंकोलेलिओकॅटलिया) असतं. नर्सरीवाले जुनंच चालवतात.

वासाचं म्हणाल तर आजी रात्रीची, पण कॅटलियाकडची बरीच मंडळी दिवसा, ऊब चढली की दरवळतात. संकरात कोण वरचढ ते नाकालाच कळतं. यजमानांना रविवारी सकाळी गॅलरीत उभं करा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. रविवारी गॅलरीत खुर्ची टाकून बसले. समोरचा टॉवर ओलांडून ऊन साडेनऊला येतं, अकराला वरच्या स्लॅबआड जातं. जेमतेम दीड तास, आणि त्यातही मध्ये मे महिन्यात मीच बांधलेली हिरवी जाळी! ती निम्मी काढली, उरलेली पुढच्या आठवड्यात.

टॉर्च लावून पाहिलं. जुन्या म्यानांत काही नाही. यंदाच्या एकात गव्हाच्या दाण्याएवढं काहीतरी दिसतंय, की मला दिसायला हवंय म्हणून दिसतंय, देव जाणे. त्याच कोंबाला बुडाशी नवी मुळंही फुटताहेत आणि कुंडी पार भरलीय. आत्ता कुंडी बदलू, की त्या दाण्याची वाट बघू?