कपडे डिझाईन करणाऱ्या बायका स्वतः रोज काय घालतात?

सुईदोरा_सांगली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागाच काढते. माझं घरातच बुटीक आहे, चार वर्षं झाली, ब्लाऊज, कुर्ते, लहान मुलींचे परकर पोलके, लग्नसराईत घागरे पण करते. मी स्वतः रोज कॉटनचा कुर्ता आणि सलवार घालते, असे चार पाच कुर्ते आहेत तेच आलटून पालटून, केसांचा अंबाडा, मनगटावर टाचण्यांची उशी आणि गळ्यात टेप. परवा एक नवीन बाई ट्रायलला आल्या, ब्लाऊज त्यांना आवडला, फिटिंग पण पहिल्याच वेळेला बसलं, पण जाता जाता म्हणाल्या की तुमच्याकडे बघून वाटत नाही हो तुम्ही डिझायनर आहात. त्या वाईट हेतूने बोलल्या नाहीत हे कळतं मला, पण दिवसभर ते मनातून गेलं नाही. बहीण पण म्हणते की बोर्डावर डिझायनर लिहिलंयस तर तसं दिसायला नको का.

तर प्रश्न असा की ज्या मोठ्या डिझायनर बायका आहेत, आपल्याकडच्या आणि बाहेरच्या, त्या कामाच्या दिवशी काय घालतात? फोटोशूटचं नाही विचारत, रोजचं विचारतेय. आणि इथे कोणी या धंद्यात असेल तर तुम्ही काय करता तेही सांगा प्लीज.

कटिंगटेबल

अगं मी एकोणीस वर्षं डोंबिवलीत हेच करतेय त्यामुळे आधी धंद्याचं सांगते, मोठ्या लोकांचं दुसरे कोणी सांगतील. कटिंगच्या दिवशी ओढणी अजिबात नाही, इंटरलॉक मशीनपाशी तर नाहीच नाही, माझ्याकडच्या एका मुलीची ओढणी मशीनच्या पट्ट्यात गेली होती, नशीब मास्तरांनी लगेच बटण बंद केलं, तेव्हापासून दुकानात हा नियमच आहे. बाही कोपरापर्यंत, कारण लांब बाही टेबलावरच्या खडूवरून फिरते आणि मग तोच खडू गिऱ्हाईकाच्या काळ्या वेल्वेटवर उमटतो. काळं मी घालत नाही, अस्तराचा सगळा भुसा त्याच्यावर बसतो, दुपारपर्यंत अंगावर कापूस पिंजल्यासारखं दिसतं. मळखाऊ रंग बरे, मातकट, गडद निळा वगैरे.

ट्रायलचा दिवस मात्र वेगळा. त्या दिवशी मी साडी नेसते आणि ब्लाऊज माझ्याच हातचा असतो, एखादी नवीन पाठ केली असेल तर तीच. तोंडाने काही सांगावं लागत नाही, बायका आरशात माझी पाठ बघतात आणि विचारतात ही डिझाईन कोणती. तू ट्रायल एकाच वारी ठेव आणि त्या दिवशी तुझ्या हातचं सगळ्यात चांगलं अंगावर असू दे. बाकी दिवस कामाचे कपडे.

निळीशाई

सुईदोरा, तुझा प्रश्न वाचून मला खूप बरं वाटलं कारण हा माझा आवडीचा विषय, लांबलचक लिहितेय तर सांभाळून घे. तू जे चार पाच कुर्त्यांचं लिहिलंयस ना तसंच जगातल्या अर्ध्या नावाजलेल्या डिझायनर बायकांचं आहे. कॅरोलिना हेरेरा म्हणजे पांढरा शर्ट, वर्षानुवर्षं, शो संपल्यावर रॅम्पवर यायच्या त्या पण पांढऱ्याच शर्टात. व्हेरा वँग लग्नाचे गाऊन करते, तिला स्वतःला १९८९ मध्ये लग्नासाठी मनासारखा गाऊन मिळाला नाही आणि पुढच्याच वर्षी तिने न्यूयॉर्कात स्वतःचं दुकान काढलं, आणि ती स्वतः कामावर काळ्या लेगिंग्जमध्ये असते. फीबी फिलो सेलीन या फ्रेंच फॅशन कंपनीत होती तेव्हा शोच्या शेवटी आदिदासच्या साध्या पांढऱ्या स्टॅन स्मिथ बुटांत येऊन उभी राहिली आणि मग अख्खी दुनिया ते बूट शोधायला लागली.

रेई कावाकुबो तर माझी सगळ्यात लाडकी. जपानची, १९४२ चा जन्म, डिझाईनचं शिक्षण नाही, कापडाच्या कंपनीत जाहिरात विभागात नोकरी, तिथून स्वतःचं लेबल, १९८१ मध्ये पॅरिसला पहिला शो आणि तिथले लोक हादरलेच, काळे, भोकं पडलेले, शिवण उलटी दिसणारे कपडे. ती स्वतः कशी राहते तर कपाळावर सरळ कापलेले केस, काळं जॅकेट, काळा स्कर्ट. मुलाखती जवळजवळ देतच नाही, शो झाल्यावर बाहेर येऊन वाकून नमस्कार पण नाही. जे बोलायचं ते कापडातून.

आणि शानेल. पॅरिसमध्ये तिच्या दुकानाच्या वर तिचं सजवलेलं घर होतं पण त्यात झोपायची खोलीच नव्हती, झोपायला समोरच्या रिट्झ हॉटेलात जायची. गळ्यात फितीला कात्री अडकवलेली. मॉडेलच्या अंगावरच जॅकेट चढवायची आणि बाही मुंड्यातून, म्हणजे खांद्याशी ती जोडतात तिथून, उसवून परत लावायची, परत उसवायची, मॉडेल बिचारी तासन् तास उभी. सगळा जीव त्या मुंड्यात, हात वर केला तर जॅकेट वर जाता कामा नये. अस्तराच्या आत कडेला बारीक साखळी शिवायची म्हणजे जॅकेट वजनाने खाली सरळ बसतं. १९७१ च्या जानेवारीत गेली, सत्याऐंशी वर्षांची होती आणि तेव्हाही नवीन कलेक्शनचं काम चालू होतं. गळ्यातल्या कात्रीचा आणि तुझ्या गळ्यातल्या टेपचा मला तरी काही फरक वाटत नाही.

दुपारचाचहा

वरचं सगळं पटलं तरी एक दुसरी बाजू मांडते, राग मानू नका. हेरेराने पांढरा शर्ट घातला तर ती तिची स्टाईल होते कारण नाव आधीच झालेलं असतं. सांगलीतल्या बुटीकवालीने साधा कुर्ता घातला तर गिऱ्हाईक शिलाईत घासाघीस करतं, ब्लाऊजचे दोनशे कमी करा म्हणतं. मी स्वतः शिवत नाही पण माझी नणंद शिवायची, तिचं काम फार बारीक होतं आणि तिला कधीच तिच्या कामाचे पैसे मिळाले नाहीत, शेजारच्या गल्लीतल्या चकचकीत दुकानात लोक दुप्पट द्यायचे. म्हणून साधेपणाचं फार कौतुक करून कोणाला पोट भरत नाही हेही लक्षात ठेवा. शिवाय शानेलचं फक्त कात्रीचंच सांगू नका, युद्धात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना ती एका जर्मन अधिकाऱ्याबरोबर त्याच रिट्झमध्ये राहत होती, ते पण तिच्या रोजच्या आयुष्यातच येतं.

निळीशाई

दुपारचाचहा, शानेलचं बरोबर आहे, ते सांगायलाच हवं होतं. पैशाचं पण बरोबर. पण नाव होण्याआधीही या बायका अशाच राहायच्या. व्हिव्हिएन वेस्टवूड आधी प्राथमिक शाळेत बाई होती, पुढे पंक कपड्यांचं दुकान चालवलं, आणि बरंच नाव झाल्यावरसुद्धा २००० पर्यंत लंडनच्या क्लॅपहॅममध्ये पूर्वीच्या सरकारी चाळवजा इमारतीतल्या फ्लॅटमध्ये राहायची, कामाला सायकलने जायची. कपडे मात्र तिचे साधे नव्हते हां, केशरी केस, उंच टाचा, सगळं वाकडंतिकडं, पण स्वतःचंच शिवलेलं. म्हणजे साधं की झगमगीत हा प्रश्नच नाही, अंगावर जे आहे ते तुझ्या कामातून आलंय का एवढंच.

करवीरकर

इतकं लांब पॅरिस लंडन फिरून आलात आणि आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया कोणालाच आठवल्या नाहीत? माहेरचं नाव भानुमती राजोपाध्ये, १९२९ चा जन्म. वडील चित्रकार, त्या नऊ दहा वर्षांच्या असताना वारले. मुंबईला येऊन जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, प्रोग्रेसिव्ह ग्रुप या नव्या चित्रकारांच्या गटाच्या प्रदर्शनात १९५३ मध्ये त्यांची चित्रं होती, त्यात बाई म्हणून त्या एकट्याच. मग इव्हज वीकली साप्ताहिकात फॅशनची रेखाटनं काढायच्या, तिथून बुटीक, बुटीकमधून सिनेमा. १९८३ ला गांधी सिनेमाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो या ब्रिटिश डिझायनरबरोबर ऑस्कर मिळालं, भारतात आलेलं पहिलंच. त्या सिनेमात काम किती होतं याचा विचार करा, एकाच माणसाचा बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंतचा पन्नासएक वर्षांचा प्रवास, आणि भोवती खादीतली माणसंच माणसं, प्रत्येकाची टोपी, धोतर, साडी त्या त्या सालाची आणि त्या त्या प्रांताची हवी.

आणि एवढी बाई ऑस्कर घ्यायला स्टेजवर गेली ती साडी नेसून. त्यांचे कुठलेही फोटो बघा, साडीच, आणि चेहऱ्यावर मन लावून काम करणाऱ्या माणसाचे भाव. मुमताजची ब्रह्मचारीमधली ती केशरी साडी आठवते ना, नाचताना सुटू नये म्हणून चापूनचोपून शिवलेली, ती यांचीच. दुसऱ्यासाठी एवढं झगमगीत करणारी बाई स्वतः शांत राहायची. २०१२ मध्ये त्यांनी ऑस्करची बाहुली नीट जपली जावी म्हणून अकॅडमीकडे परत पाठवली, इथे ती नीट राहील असा भरवसा त्यांना वाटला नाही, हे वाचलं तेव्हा मला कोल्हापूरकर म्हणून फार लागलं होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये गेल्या. माझ्या आईने त्या दिवशी देवापुढे दिवा लावला होता, ओळख ना पाळख, पण गावची लेक म्हणून.

सुईदोरा ताई, आता परत कोणी म्हणालं की डिझायनर वाटत नाही तर भानूताईंचा फोटो दुकानात लावा.

उरेबपट्टी

+१ करवीरकर. मी पण एक भर घालते. मादलेन व्हियोने नावाची फ्रेंच बाई, उरेब कापून अख्खा ड्रेस करायची पद्धत तिने गाजवली, आपण गळ्याला उरेब पट्टी लावतो ना, तेच कापड तिरकं धरून पूर्ण गाऊन. अकरा बारा वर्षांची असल्यापासून शिवणकामात. ती उभ्या माणसावर नाही तर लाकडाच्या छोट्या बाहुलीवर कापड सोडून बघायची आणि जमलं की मग मोठं करायची. आणि तिच्या कारखान्यातल्या बायकांना भरपगारी सुट्टी, दवाखाना, दाताचा डॉक्टर पण, शंभर वर्षांपूर्वी! मला स्टाईलपेक्षा हे जास्त मोठं वाटतं.

दुसरी अमेरिकेची क्लेअर मॅककार्डेल. स्वतःला जे हवं ते शिवायची म्हणून बायकांच्या ड्रेसला खिसे, भले मोठे. १९४२ मध्ये तिने घरकामाचा गुंडाळायचा ड्रेस केला आणि त्याला गरम भांडं धरायचा हातमोजा जोडूनच दिला. सुईदोरा, तुझ्या कुर्त्याला खिसे आहेत का?

सुईदोरा_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार, किती लिहिलंत, दोनदा वाचून काढलं. दुपारचाचहा तुमच्या नणंदेचं वाचून गलबलून आलं, शिलाईचे दर मी उद्याच कागदावर लिहून भिंतीला लावते, घासाघीस नको. करवीरकर, फोटो नक्की.

आणि नाही, खिसे नाहीत माझ्या कुर्त्याला! गिऱ्हाईकांना सगळ्यांना खिसे करून देते आणि चार वर्षांत स्वतःच्या एकाही कुर्त्याला नाही केला. कात्री, खडू, फोन सगळं टेबलावर शोधत बसते. तर ठरवलंय, कामासाठी म्हणून एक कुर्ता शिवते, इलकलचा गडद निळा कपडा पडलाय तीन मीटर, दोन्ही बाजूंना खोल खिसे, खणाच्या उरलेल्या तुकड्याची खिशाला पट्टी. एकच अडचण आहे, मी टेबलावर वाकून हात लांब केला की माझे सगळे कुर्ते काखेतून ओढले जातात आणि पाठीतून वर चढतात. माप बरोबर आहे, छातीला चार इंच लूज ठेवते तरी.

कटिंगटेबल

लूज वाढवून नाही व्हायचं ते, तुझा मुंडा खोल जातोय. सैल हवं म्हणून आपण मुंडा खाली उतरवतो आणि तिथेच चुकतं, हात उचलला की सगळा कुर्ता सोबत उचलला जातो. मुंडा पाऊण इंच वर घे, बाहीचा घेर तेवढाच ठेव पण बाहीची टोपी, म्हणजे वरचा गोलाकार भाग, थोडी कमी उंच कर, आणि काखेत तीन इंचाचा चौकोनी तुकडा तिरका लाव, जुन्या नेहरूशर्टाला असायचा तसा. आधी अस्तराच्या कपड्यावर कापून अंगात घालून बघ, टेबलावर वाक, हात पुढे कर, पाठ वर गेली नाही तरच इलकलला कात्री लाव. झाला की फोटो टाक इथे, खिशाचा पण.